मिटलेल्या गोष्टीचा विमा

खोटं बोलणाऱ्या माणसाचा मला मनस्वी राग येतो. पण सावळाराम त्या दिवशी खोटं बोलला होता की खरं, हे मला इतक्या वर्षांनीसुद्धा सांगता येत नाही, आणि त्याचा राग जास्त येतो. तुम्हीच ऐका आणि ठरवा. ठरलं तर मलाही कळवा.

मी यशवंतराव, विम्याचा एजंट. चिंचवड स्टेशनासमोर सायकलच्या दुकानात एका कोपऱ्यात माझं टेबल होतं. छप्पन साली आयुष्याचा विमा सरकारनं आपल्या हातात घेतला. माझे सगळे सोबती तिकडं गेले आणि मी शहाणा पुण्याच्या एका खाजगी कंपनीला चिकटून मोटारीचा आणि आगीचा विमा उतरवत बसलो. आमच्या भागात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. आणि ज्यांच्या कडब्याच्या गंजी जळायच्या ते लोक नशिबाला बोल लावायचे, कंपनीला नाही. त्यामुळं एकेक मोटारवाला मला नातेवाइकासारखा ठाऊक असायचा.

सावळाराम त्यातलाच. महाळुंग्याचा शेतकरी. लढाईच्या दिवसांत देहूरोडच्या लष्करी डेपोत ट्रक चालवायला शिकला, लढाई संपल्यावर लिलावात निघालेली एक जुनी मोटार घेतली आणि टॅक्सीचं परमिट काढलं. चाकणहून मोशीवरनं चिंचवड स्टेशन, असा त्याचा रस्ता. गाडीत बसायच्या आधी पायातलं पायताण काढून सीटखाली सारायचा, देवळात शिरल्यासारखा. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या बाईकडून भाडं घ्यायचा नाही. बोलणं अगदी तोलून मापून. आणि सरळ इतका, की कुणी सहज विचारलं, "काय सावळाराम, गाडी ठीक हाय न्हवं?" तर गिऱ्हाइकं गाडीत बसलेली असताना सांगायचा, "ब्रेक जरा उशिरा लागतोया." अहो, विमा एजंटसमोर असं बोलतात का?

सत्तावन्नच्या जानेवारीत तो माझ्याकडं आला. वर्षभर दिसलाच नव्हता. मला वाटलं, गाडी बिघडली असेल. म्हणाला, "यशवंतराव, इमा उतरवायचा हाय. ह्या म्हैन्याच्या आत कंपनीचा कागद दावला न्हाई तर परमिट दुसऱ्याच्या नावावर करनार म्हनं. चाकनचा एक बागवान टपून बसलाय."

चाकणच्या बाजूला टॅक्सीची परमिटं अगदी मोजकी. गेलेलं परमिट परत मिळणं म्हणजे वळचणीचं पाणी आढ्याला जाणं. आणि परमिट गेलं की मोटार म्हणजे अंगणातलं खुराडं, कोंबड्या पाळा. कोरडवाहू दोन एकरांवर त्याच्या घरात सहा तोंडं होती. म्हटलं, बस, आत्ता फॉर्म भरू.

फॉर्म इंग्रजीत. मी एकेक प्रश्न मराठीत विचारायचा, त्यानं उत्तर द्यायचं आणि मी लिहायचं. वय, गाव, गाडी कुठल्या सालची, किती माणसं बसतात. मग आला तो प्रश्न. मोटार चालवण्याबद्दल पूर्वी कधी शिक्षा झाली आहे काय?

 बाहेर कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं, ते सावळाराम बघत राहिला. मग म्हणाला, "न्हाई."

मी 'नाही' लिहिलं. लायसनचं पहिलं पान बघून नंबर उतरवून घेतला. शिक्षेची नोंद असते ते मागचं पान उलटलं नाही. माझी चूक, शंभर वेळा कबूल. पण ज्या माणसानं ब्रेक उशिरा लागतो हे आपण होऊन सांगितलं, त्याचं मागचं पान कोण उलटेल हो?

आठवड्यानं पुण्याहून कंपनीचं पत्र आलं. अर्जदारास मागील वर्षी खेडच्या कोर्टात बेदरकारपणे मोटार चालवल्याबद्दल दंड झाला असून लायसन वर्षभर निलंबित होते, अर्जातील निवेदन खोटे आहे, सबब प्रस्ताव नामंजूर. खाली माझ्यासाठी वेगळा परिच्छेद होता. एजंटाने याचा खुलासा समक्ष करावा.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सायकल काढली आणि तसाच महाळुंग्याच्या वाटेला लागलो. वाटेत दोनदा साखळी उतरली. दोन्ही वेळा मी सावळारामच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तो दारात मोटार पुसत होता. वर्षभर न हललेली मोटार आरशासारखी लखलखत होती. मी पत्र त्याच्या नाकासमोर धरलं आणि ओरडलो, "अरे माणसा, कोर्टात शिक्षा झाली होती का नव्हती?"

"झाली हुती," तो म्हणाला.

"मग मला नाही का सांगितलंस?"

"मिटलं न्हवं ते!"

"मिटलं म्हणजे?"

सावळाराम खाली बघायला लागला. त्याची बायको तानाबाई घरातून बाहेर आली. ती नवऱ्याच्या वाटचंही बोलणारी. ती म्हणाली, "भाऊ, त्यांना इचारू नगा. त्यांनी बोलायचं न्हाई. मी बी बोलायचं न्हाई. तुमी परगावचं, तुमाला भैरोबाच्या देवळातला गुरव सांगंल. त्याला तेवढी मुभा हाय."

म्हणजे काय, काही कळेना. तिच्याच घरातली गोष्ट ऐकायला मी देवळात गुरवाकडं गेलो.

गुरवानं सांगितलं ते असं. सव्वा वर्षापूर्वी चाकणच्या बाजाराच्या दिवशी सावळारामची मोटार आबाजींच्या बैलगाडीवर मागून आदळली. पाच माणसांच्या गाडीत अकरा भरली होती. आबाजी गावातलेच, साठीला आलेले, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले गृहस्थ. त्यांचा एक बैल जागच्या जागी गेला आणि त्यांचा उजवा पाय मोडला. कोर्टाचं व्हायचं ते झालं. पण गावाचं वेगळं. गाव भैरोबापुढं बसलं. सावळारामनं आपल्या जोडीतला बैल आबाजींच्या दावणीला बांधला, गावाला जेवण घातलं आणि आबाजींनी त्याच्या हातचा पहिला घास खाल्ला. घास खाल्ला की मिटलं. त्यानंतर गावातल्या कुणी ती गोष्ट तोंडातून काढायची नाही. जो काढील त्यानं पुन्हा मोडलं असं समजायचं. करणाऱ्यानं काढायची नाही, सोसणाऱ्यानं तर मुळीच नाही.

"म्हणजे गुन्हा पुसला गेला?" मी विचारलं.

गुरव म्हणाला, "पुसला कुठला! झालाच न्हाई असं धरायचं."

आता बोला! मी तिथंच पायरीवर डोक्याला हात लावून बसलो. माझ्या कंपनीचा हिशेब असा, की ज्यानं एकदा ठोकलं तो परत ठोकणार. गावाचा हिशेब असा, की ज्यानं भरपाई केली त्यानं ठोकलंच नाही. पुढच्यास ठेच मागचा शहाणा असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथं ठेच लागलेला स्वतःच शहाणा झाला असेल की नाही, हे कुणी विचारतच नव्हतं. मला दोन्हीकडचं थोडं थोडं पटत होतं, आणि दोन्हीकडचं पटणारा माणूस म्हणजे पक्का गाढव.

परत येऊन मी सावळारामला म्हटलं, "हे बघ, तू साहेबापुढं येऊन स्वतःच्या तोंडानं खरं सांग. तेवढाच मार्ग आहे."

त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. म्हणाला, "सांगितलं तर आबांचा घास मोडला. न्हाई सांगितलं तर परमिट ग्येलं. यशवंतराव, तुमी शिकल्यालं. मला एवढंच सांगा, म्या दंड भरला त्यो कशाचा? भरूनशान बी गुन्हा हायेच म्हंता, तर भरला कशाला?"

मी म्हटलं, "कंपनी वेगळी, कोर्ट वेगळं."

"आन द्येव?"

"देवही वेगळा."

"मंग मानसं बी तीन लागतील की," तो म्हणाला.

तेवढ्यात माझ्या सुपीक डोक्यातून एक युक्ती निघाली. सावळारामनं बोलायचं नाही ना? नको बोलू. आबाजींनाच पुण्याला नेऊ. ज्याचा पाय मोडला तोच साहेबाला सांगेल की माझी काही तक्रार नाही, गडी चांगला आहे. साहेब विरघळलाच म्हणून समजा. मी आबाजींकडं गेलो. ओसरीवर सुतळी वळत बसले होते. म्हटलं, "आबा, सावळारामसाठी पुण्याला यायला लागतंय. त्याच्या बाजूनं दोन शब्द बोलायचे."

"येतो की. चांगलंच बोलनार," आबाजी म्हणाले. कशाबद्दल बोलायचं ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ही माझी दुसरी घोडचूक.

मोटार विम्यावाचून रस्त्यावर काढता येत नव्हती, म्हणून ते दोघं चाकणहून एस.टी.नं आले. मी कासारवाडीच्या फाट्यावर चढलो. आबाजी धुवट धोतर, कोट, डोक्याला लाल पागोटं, लग्नाला निघाल्यासारखे. हातात काठी. सावळाराम त्यांच्या शेजारी अंग चोरून बसलेला. वाटेत दोघं ज्वारीवर बोलले, नव्या बैलाच्या खोडीवर बोलले, पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात कुणाकुणाची पोरं लागली त्यावर बोलले. मला म्हणाल तर अगदी गार वाटलं. म्हटलं, काम फत्ते.

कंपनीच्या कचेरीत साहेब चष्मा कपाळावर चढवून बसले होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "हं, खुलासा."

मी म्हटलं, "साहेब, ज्यांना त्या अपघातात इजा झाली तेच समक्ष आलेत. हे आबाजी. यांची काही तक्रार नाही."

साहेब आबाजींकडं वळले. "काय हो, यांच्या मोटारीनं तुमचा पाय मोडला?"

आबाजींनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि शांतपणे म्हणाले, "कुटली मोटार?"

 साहेब म्हणाले, "तुमच्या बैलगाडीला धडक बसली ना?"

"न्हाई बा. असं काय झाल्यालं न्हाई."

"मग पायाला काय झालंय?"

"पाय असाच हाय," आबाजी म्हणाले. "गडी मातूर सोन्यावानी हाय. मोटार लय झ्याक चालवतो."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. आधी माझ्याकडं बघितलं, मग सावळारामकडं. "अस्सं! अर्जात खोटं, आणि आता साक्षीदारही शिकवून आणलाय. एजंट, तुम्हाला लाज वाटत नाही?"

 काय सांगू? ह्या माणसाचा पाय खरंच मोडलाय पण मोडलाच नाही, असं सांगू? भैरोबा सांगू?  आबाजी मात्र समाधानानं बसले होते. आपण बोललो ते चांगलं झालं असंच त्यांना वाटत होतं. सावळारामचं भलं करायला ते एवढ्या लांब आले होते आणि त्यांच्या परीनं त्यांनी ते केलं होतं.

साहेबांनी लाल पेन्सिल उचलली. "नामंजूर. आणि बाकीच्या कंपन्यांनाही कळवतो."

म्हणजे संपलंच. परमिट गेलं, मोटार गेली, आणि खोटारडा म्हणून नाव झालं ते वेगळं. मी सावळारामकडं बघितलं. तो आबाजींकडं बघत होता. आबाजी वरच्या पंख्याकडं बघत होते. 

"म्या ठोकलं," सावळाराम म्हणाला.

आबाजींची मान झटक्यात खाली आली. "सावळ्या!" ते म्हणाले.

"आबा, तुमाला खोटं पाडत्यात हितं. माझ्यापायी तुमी खोटं पडू नगा," सावळाराम म्हणाला आणि साहेबांकडं वळला. "साहेब, म्या ठोकलं. अकरा मानसं भरली हुती. दुसरा टॅक्सीवाला फुडं हुता. स्टेशनावरची मानसं त्यो भरंल म्हनून गाडी पळवली. आबांची गाडी म्या लांबनं बघितली हुती."

"मग ब्रेक दाबला नाही?"

"न्हाई दाबला."

"उशिरा लागला असेल," मी मध्येच बोललो. सवय हो, दुसरं काय.

"लागायला दाबाय लागतो, यशवंतराव," सावळाराम म्हणाला. "म्या दाबलाच न्हाई. हारन वाजवला. म्हनलं, मोटार बघून गाडीवाला बाजूला हुईल. समदीच हुत्यात. कोरटात वकिलानं सांगितलं, बैल बुजला. देवळात पंच म्हनलं, हुनार हुतं त्ये झालं. मला कुनी इचारलंच न्हाई. म्या बी सांगितलं न्हाई."

 आबाजींच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. ही गोष्ट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली होती. त्यांनाही वर्षभर वाटत होतं की आपलाच बैल बुजला.

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. बराच वेळ कागद चाळत बसले. मग रुक्षपणानं म्हणाले, "जोखमीचा ड्रायव्हर म्हणून घेतो. हप्ता दीडपट. पाचाच्यावर सहावा माणूस बसला की विमा रद्द. गाडी दुसऱ्या कुणी चालवायची नाही. नुकसान झालं तर त्यातला पहिला वाटा तुम्ही भरायचा. तीन वर्षं स्वच्छ गेली तर मग बघू." आणि तात्पुरता कागद लिहून त्यांनी माझ्या हातात दिला. मला म्हणाले, "पुढच्या वेळी मागचं पान बघत जा." पण तोंडावरून दिसत होतं, त्यांनाही नीट समजलं नव्हतं की आपण नक्की कशावर सही केली.

मला तरी कुठं कळलं होतं? आत येताना हा माणूस कंपनीच्या लेखी लबाड आणि गावाच्या लेखी निर्दोष होता. बाहेर पडला तेव्हा कंपनीच्या लेखी खरं बोलणारा झाला होता आणि गावाच्या लेखी गुन्हेगार. माणूस तोच, पायताण तेच.

आम्ही शिवाजीनगरच्या एस.टी. स्टँडवर आलो.  आबाजी बाकावर बसले. सावळाराम उभाच राहिला. त्यानं विम्याचा कागद माझ्याकडून घेतलासुद्धा नाही. मी म्हटलं, चहा आणतो. माझं कुणी ऐकलं नाही.

"बाजूला हुईल व्हय?" आबाजी एकदम म्हणाले.

सावळाराम त्यांच्यासमोर सरकला.

"कुटं हुनार हुतो रं बाजूला? एका अंगाला चर, एका अंगाला बांध! तुजे डोळे काय चाकनच्या बाजारात इकलं हुतंस? हारन वाजवला म्हनं! बैलाला हारन कळतो व्हय रं, आंधळ्या? माजा ढवळ्या ग्येला. पोटच्या पोरावानी वाढवला हुता. आन तू हारन वाजवतूस!"

आबाजी सुटले. वर्षभर कोंडलेलं सगळं बाहेर पडलं. आजूबाजूची माणसं बघायला लागली, एक बाई बोचकं उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. मी आबाजींचा दंड धरला, तर त्यांनी माझा हात झटकला आणि मलाही दोन शिव्या दिल्या. त्या मला लागू होत्या, मी घेतल्या. सावळाराम मान खाली घालून प्रत्येक शिवीला "व्हय," "व्हय आबा," एवढंच म्हणत होता. चाकणची गाडी लागली, भरली आणि निघूनही गेली.

मग आबाजींचा दम सरला. पागोटं काढून त्यांनी मांडीवर ठेवलं आणि बारीक आवाजात म्हणाले, "आन पाय दुखतोय रं सावळ्या. लय दुखतोय."

"कवापास्नं?"

"त्याच दिसापास्नं. रोज."

"बोलला न्हाईसा कदी," सावळाराम म्हणाला. 

"कसा बोलनार? घास खाल्ला हुता न्हवं! घरातबी कण्हायची चोरी. म्हातारी म्हनायची, कण्हू नगा, सावळ्याच्या कानावर जाईल, मोडलं म्हनतील."

सावळाराम खाली फरशीवर बसला, लोकांच्या पायांत, धुळीत. त्यानं आबाजींचा उजवा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. पोटरी वाकडी जुळली होती, ती मी आत्ता पाहिली. तो हळूहळू दाबायला लागला आणि रडायला लागला. एवढा उंचापुरा गडी, ओक्साबोक्शी.

"चुकलं माजं, आबा," तो म्हणाला. "माजं चुकलं."

आबाजी त्याच्याकडं बघत राहिले. "आत्ता म्हनतूस व्हय, मुडद्या?" ते म्हणाले. पण पाय त्यांनी काढून घेतला नाही.